तळपायापासून मेंदूपर्यंत : हेमलकसा परिसरातील चालण्याच्या उपचारांचा इतिहास

अर्धांगवायूच्या झटक्यात पायाला प्रत्यक्ष काहीच झालेले नसते. हाडे, सांधे, स्नायू आणि पायापर्यंत उतरलेल्या नसा जागच्या जागी असतात. रक्ताची गुठळी अडकल्याने किंवा रक्तवाहिनी फुटल्याने मेंदूचा एक तुकडा मेलेला असतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय उचलेनासा होतो. अशा रुग्णाला धरून चालवणे हा वरवर पायाचा व्यायाम दिसतो. काम मात्र मेंदूवर आणि मज्जारज्जूवर चाललेले असते. वैद्यकाला हे समजायला विसावे शतक सरत यावे लागले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर गेलेले चालणे परत मिळवून देण्याचे काम मज्जासंस्थेच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गुडघ्याखालच्या आणि तळपायाच्या नसांपाशी सुरू झाले. मेंदूपर्यंत पोचायला त्याला अर्धे शतक लागले.

सुरुवात कुष्ठरोगाने झाली. मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी केंद्र उभारले होते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ च्या जूनमध्ये, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या माळरानावर सहा रुग्णांना घेऊन आनंदवनाची वसाहत सुरू केली. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातील थंड भाग मानवतात, म्हणून कातडीलगतच्या नसा त्याला आधी बळी पडतात. त्यातली एक नस गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडावरून वळसा घालून जाते. ती निकामी झाली की पाऊल वर उचलणारे स्नायू लुळे पडतात आणि पंजा लोंबतो. माणूस मग गुडघा उंच उचलतो आणि पाऊल आपटत चालतो. घोट्याच्या आतल्या बाजूची नस गेली तर तळवा बधिर होतो. काटा रुतला, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही. अनवाणी चालणाऱ्या मुलखात याचा अर्थ जखम, जखमेत किडे आणि शेवटी बोटे झडणे.

बोटे झडतात ती रोगाने कुजून, अशी समजूत तेव्हा डॉक्टरांमध्येही होती. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिले की बहुतेक नुकसान संवेदना नसलेल्या पायावर रोज पडणाऱ्या भारामुळे होते. त्यातून मऊ रबराच्या चपला आल्या आणि लोंबत्या पावलासाठी स्नायुबंध वळवण्याची शस्त्रक्रिया आली. या शस्त्रक्रियेत पोटरीच्या खोलातला, पाऊल आत आणि खाली ओढणारा एक शाबूत स्नायू निवडतात, त्याचा बंध सोडवून पावलाच्या वरच्या बाजूला आणून जोडतात आणि काही आठवडे प्लास्टर घालतात. खरी गंमत प्लास्टर निघाल्यावर असते. हा स्नायू आयुष्यभर पाऊल जमिनीवर टेकलेले असताना आखडत आला आहे. आता त्याने पाऊल हवेत असताना आखडायचे आहे, म्हणजे चालण्याच्या लयीतली आपली वेळच बदलायची आहे. रुग्ण आधी बसून पाऊल वर ओढून पाहतो, मग उभा राहतो, मग चालतो. सुरुवातीला प्रत्येक पावलाकडे डोळे लावून ठेवावे लागतात. काही आठवड्यांनी हालचाल आपोआप होऊ लागते.

शस्त्रक्रियेने बदलली होती ती फक्त दोरी. हुकूम पाठवण्याची वेळ बदलणे मज्जासंस्थेच्या माथी होते आणि प्रौढ, शेतकरी-मजूर माणसांची मज्जासंस्था ते करून दाखवत होती. त्या काळी पाठ्यपुस्तके मात्र प्रौढ मेंदूची जुळणी कायमची ठरून गेलेली असते असेच शिकवत. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ मध्ये हा निर्वाळा दिला होता आणि त्यांच्या अधिकारामुळे तो पुढे दोन पिढ्या टिकला. कुष्ठरोगाच्या वॉर्डात रोज दिसणारी गोष्ट मेंदूशास्त्राने दखलपात्र मानली नाही. या विषयाच्या इतिहासातला हा सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणावा लागेल.

कुष्ठरोगानंतर पोलिओ. इथे बिघाड एक पायरी वर, मज्जारज्जूत असतो. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी विषाणूने मरतात आणि त्यांच्या ताब्यातले स्नायूतंतू पोरके होतात. वाचलेल्या शेजारच्या पेशी नव्या फांद्या फोडून त्यातले काही तंतू दत्तक घेतात. पोलिओ झालेल्या मुलाच्या पायात पहिल्या काही महिन्यांत थोडे बळ परत येते त्याचे एक मोठे कारण हेच. भारतात फिजिओथेरपीचा पाया पोलिओने घातला. मुंबईत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथींच्या पार्श्वभूमीवर, केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने प्रशिक्षण सुरू झाले आणि त्याच दशकात हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली. चांद्याच्या जंगलातल्या मुलाला यातले फारसे काही मिळाले नाही. त्याच्या वाट्याला काठी आली, किंवा हातांवर सरकत जाणे. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.

पूर्व विदर्भाचा स्वतःचा असा एक आजारही या इतिहासात येतो. धानाचे पीक निघताना जमिनीत उरलेल्या ओलीवर इथे लाखोळी ही डाळ पेरतात. पाऊस दगा देतो तेव्हाही ती तग धरते, म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तीच उरते. महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर तिच्यातल्या विषारी द्रव्याने मेंदूतून पायांकडे जाणारे तंतू निकामी होतात. दोन्ही पाय ताठरतात, कात्रीसारखे एकमेकांवरून पडतात. वैद्यकीय ग्रंथांत या आजाराच्या पायऱ्या काठ्यांवरून मोजल्या आहेत: काठीशिवाय चालणारा, एक काठीवाला, दोन काठ्यांवाला आणि शेवटी रांगणारा. १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर केंद्राने बंदी आणली. नागपूरच्या शांतिलाल कोठारी यांनी ती उठावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला, कारण माफक प्रमाणात आणि इतर धान्यांबरोबर खाल्ल्यास ती घातक नाही, हे त्यांचे म्हणणे. चालण्याच्या उपचारांच्या दृष्टीने इथे एकच मुद्दा महत्त्वाचा आहे. लाखोळीने दोन्ही बाजूंचे तंतू एकदम जातात, राखीव असे फारसे उरत नाही, म्हणून सुधारणाही तुटपुंजी होते. अर्धांगवायूत एक बाजू शाबूत राहते आणि सगळी भिस्त त्या फरकावर असते.

हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केला. पुढच्या वर्षी त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला आले. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमाजवळच्या या जागी रस्ता नव्हता, वीज नव्हती; पावसाळ्यात नद्या चढल्या की बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. गडचिरोली हा वेगळा जिल्हाही तेव्हा झालेला नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. इथले माडिया आदिवासी सुरुवातीला दवाखान्यापासून लांबच राहिले. मांत्रिकाने हात टेकलेलेच रुग्ण त्यांनी आणले. मिरगीच्या झटक्यात भाजलेला मुलगा आणि मेंदूच्या मलेरियाने मरणाच्या दारात पोचलेला माणूस हे त्यातले नोंद झालेले दोन. दोघे सुधारले आणि मग रीघ लागली. बाजेला दोऱ्या बांधायच्या, त्यातून बांबू घालायचा आणि पाळीपाळीने खांदा देत जंगल तुडवायचे, अशी रुग्णवाहिका. अस्वलाने फाडलेले, झाडावरून पडून हाडे मोडलेले, तापाने बेशुद्ध झालेले लोक असे येत. दवाखान्यातून सुटी म्हणजे काय, हे ठरवणेही सोपे होते: परत जाताना बाज लागता कामा नये.

नोंद झालेले ते दोन रुग्ण मेंदूच्या आजाराचे होते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियात परजीवींनी भरलेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. क्विनाइन वेळेवर मिळाले तर बहुतेक प्रौढ धडधाकट उठतात, पण काहींमध्ये, मुलांमध्ये जास्त, एका बाजूची कमजोरी किंवा चालताना झोक जाणे मागे उरते. जंगलातल्या दवाखान्यात मेंदूच्या दुखण्यातून उठून पुन्हा चालू लागणारी माणसे अशी आधीच दिसत होती. वयाच्या साठीनंतर येणारा अर्धांगवायू त्या काळी चर्चेत नव्हता. मलेरिया, हगवण आणि कुपोषण यांच्या गर्दीत त्याच्याकडे बघायला सवड कोणाला होती?

गावांत तो नव्हता असे नाही. अंगावरून वारे गेले, असे म्हणून लोक तो ओळखतच होते. उपचार ठरलेला: बाज, कोमट तेलाचे मालीश, पारव्याचे मांस आणि देवाचा कौल. मालिशाने सांधे आखडत नाहीत, एवढा फायदा खरा. पण दुसऱ्याने हलवलेला पाय मेंदूला फार थोडे शिकवतो आणि काळजीपोटी बाजेवर ठेवलेला माणूस चालण्याची उरलीसुरली क्षमताही गमावून बसतो. शहरी डॉक्टरांचा दृष्टिकोन बराच काळ याहून निराळा नव्हता. विश्रांती द्या, येईल तेवढे येईल, हाच सल्ला तेही देत.

विरुद्ध पुरावा तसा जुना होता. ऑग्डेन आणि फ्रान्झ यांनी १९१७ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या हालचालींच्या भागाला इजा करून लुळ्या बाजूला सक्तीने काम करायला लावले, तेव्हा ती बाजू बरीच सुधारली. त्याआधी, १९११ मध्ये, ग्रॅहॅम ब्राउन यांनी मेंदूपासून तोडलेला मांजरीचा मज्जारज्जू स्वतःहून पाय आळीपाळीने हलवण्याची लय निर्माण करतो हे दाखवले होते. ही दोन्ही संशोधने अनेक दशके कपाटात राहिली. दरम्यान लंडनला बर्टा आणि कारेल बोबाथ यांची पद्धत रुजली. तिचा भर आधी ताठरपणा कमी करण्यावर आणि तोल सावरण्यावर होता. चुकीचे चालणे अंगवळणी पडू नये म्हणून रुग्णाला चालवण्याची घाई टाळली जाई. हेतू चांगला होता, पण चालणे शिकवायचे तर चालवलेच पाहिजे, ही साधी गोष्ट तिच्यात मागे पडली.

१९८० च्या दशकात वारे फिरले. माँट्रियलला बार्बो आणि रोसिन्योल यांनी १९८७ मध्ये मज्जारज्जू तोडलेल्या प्रौढ मांजरींना सरकत्या पट्ट्यावर सराव देऊन पुन्हा पावले टाकायला लावली. १९९० च्या दशकात बर्लिनला हेस्से यांनी तीच कल्पना अर्धांगवायूच्या रुग्णांवर आजमावली: वरून पट्ट्याने शरीराचा थोडा भार उचलून धरायचा आणि ट्रेडमिलवर चालवायचे. १९९६ मध्ये नुडो यांनी माकडांच्या मेंदूत हाताच्या भागाला छोटी इजा केली. सराव न मिळालेल्या माकडांत हाताचा उरलेला भागही आक्रसत गेला. सराव दिलेल्यांत तो टिकला, काही ठिकाणी शेजारच्या भागात पसरला. काहाल यांच्या निर्वाळ्याला ऐंशी वर्षांनी मिळालेले हे उत्तर.

चालण्याच्या सरावाने मज्जासंस्थेत काय घडते, ते आता बऱ्यापैकी सांगता येते. पहिल्या काही आठवड्यांतली सुधारणा काही अंशी आपोआप होते. मेंदूची सूज उतरते, इजेच्या धक्क्याने गप्प झालेले दूरचे भाग जागे होतात. त्यापुढची सुधारणा पुनर्रचनेची असते. मेलेल्या भागाच्या काठावरच्या पेशी नव्या जोडण्या करतात. हालचालींची आखणी करणारे मेंदूचे पुढचे भाग जास्त राबू लागतात. मेंदूपासून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या मुख्य तंतूंपैकी बहुतेक तंतू ओलांडून विरुद्ध बाजूला जातात. पण मेंदूच्या देठातून निघणारे काही जुने मार्ग दोन्ही बाजूंना तंतू पाठवतात. धड आणि मांडीचे स्नायू त्यांच्या आवाक्यात असतात. मुख्य मार्ग तुटल्यावर हे मार्ग भार उचलतात. लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ७१ जुन्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत सहा महिन्यांच्या ट्रेडमिल सरावानंतर लहान मेंदू आणि मध्यमेंदू यांतील सक्रियता वाढलेली दिसली; नुसते ताण देण्याचे व्यायाम केलेल्या गटात ती तशी वाढली नाही. म्हणजे इजा होऊन काळ लोटल्यावरही शिकणे चालू राहू शकते.

हाताआधी पाय सुधारतो, हा घरोघरचा अनुभव आहे आणि त्याची कारणे रचनेत आहेत. मेंदूत पायाचा भाग दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर असतो. त्याला रक्त देणारी धमनी वेगळी. अर्धांगवायूत ज्या मधल्या धमनीत गुठळी जास्त वेळा अडकते ती हाताचा आणि चेहऱ्याचा भाग पोसते. शिवाय बटण लावायला मेंदूचा अखंड हुकूम लागतो, तर पावलांच्या लयीचा मोठा वाटा मज्जारज्जूच उचलतो. त्या लयीला खालून येणाऱ्या खबरा लागतात. पायावर पूर्ण भार पडणे आणि पाऊल उचलण्याआधी मांडी मागे ताणली जाणे, या दोन खबरा सर्वांत महत्त्वाच्या. म्हणून लुळ्या पायावर भार न देता, तो अर्धवट टेकवून फेकत चालणारा रुग्ण घरभर फिरला तरी मज्जारज्जूला हवा तो धडा मिळत नाही. पाय किती वेळा पडला याइतकेच कसा पडला हेही इथे मोजावे लागते.

गडचिरोलीत अर्धांगवायू किती आहे, हे कळले ते सर्च या संस्थेमुळे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात ती सुरू केली. बालमृत्यूंवरचे तिचे काम गाजले, पण लोकांचे आयुर्मान वाढू लागल्यावर तिने मोठ्या माणसांचे मृत्यूही मोजायला घेतले. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातल्या ८६ गावांत दोन वर्षांत झालेल्या १,५९९ मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी केली होती. त्यातले २२९, म्हणजे १४.३ टक्के, अर्धांगवायूने झालेले होते आणि मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण तेच निघाले. हे शहरी, सुखवस्तू माणसाचे दुखणे असा समज होता. तो या आकड्याने निकालात निघाला. यातल्या ८७ टक्के लोकांना मरण घरीच आले आणि जवळपास निम्मे झटक्यानंतर महिन्याच्या आत गेले. आकड्यांची दुसरी बाजू अशी की उरलेले महिना उलटून जगले, काही पुष्कळ जगले. पण घरातच, बहुधा बाजेवर.

त्यांच्यासाठी यंत्रे लागतात का, याचे उत्तर अमेरिकेतून आले आणि ते यंत्रवाल्यांच्या सोयीचे नव्हते. २०११ मध्ये डंकन आणि सहकाऱ्यांनी ४०८ रुग्णांवरची चाचणी जाहीर केली. एका बाजूला भार उचलून ट्रेडमिलवर चालवणे, दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेले बळाचे आणि तोलाचे व्यायाम. दोन्हींत ३६ सत्रे. वर्षअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले होते, एकूण ५२ टक्के रुग्ण आधीपेक्षा वरच्या पायरीवर चालत होते. घाई करूनही उपयोग नाही, हे २०१५ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले: पहिल्या चोवीस तासांत उठवून वारंवार चालवलेल्या रुग्णांचे निकाल नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडे वाईटच आले.

मग घरच्यांनाच शिकवले तर? भारतापुरता हा प्रश्न २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासला गेला. देशातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांचे दोन गट केले; एका गटाच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवले, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के निघाले. शिकवण्याचा फरक पडला नाही. दोन चाचण्या शेजारी ठेवल्या तर घर हे कारण ठरत नाही. अमेरिकेतल्या घरात प्रशिक्षित माणूस ३६ वेळा आला होता. भारतातल्या घरात थकलेली सून किंवा मुलगा स्वयंपाक, शेत आणि मजुरी सांभाळून आठवेल तेवढे करत होता. हा काही त्यांचा दोष नव्हे. मज्जासंस्थेला पुरेशी आवर्तने मिळाली नाहीत, एवढाच त्या निकालाचा सरळ अर्थ लावता येतो.

हेमलकशासारख्या ठिकाणी किती सुधारणा पुरेशी, याचा हिशेबही वेगळा पडतो. पेरी यांनी १९९५ मध्ये घालून दिलेल्या वर्गवारीनुसार सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेगाने चालणारा माणूस घरापुरता उरतो, ०.८ मीटरच्या वर गेला की तो गावात मोकळेपणी वावरू शकतो. हेमलकशापासून तालुक्याचे गाव भामरागड सुमारे ३ किलोमीटर आहे. पहिल्या वेगाने तिथे पोचायला दोन तास लागतात, दुसऱ्या वेगाने एक. आणि हे सपाट डांबरी रस्त्यावर. आतल्या गावांत नाला उतरायचा असतो, बांधावरून तोल सांभाळायचा असतो, उकिडवे बसून उठायचे असते. या हालचाली सरकत्या पट्ट्यावर शिकता येत नाहीत, कारण सराव ज्याचा होतो त्याचेच जाळे मज्जासंस्था घट्ट करते. बांधावर चालायचे असेल तर हाताशी कोणी धरून बांधावरच चालावे लागते.

सर्चने मृत्यूंच्या त्या अभ्यासानंतर भर दिला तो झटका येण्याआधीच्या कामावर. गावातल्या आरोग्यसेवकांनी घरोघर रक्तदाब मोजायचा, औषध चालू ठेवायला लावायचे, तंबाखू-खर्रा आणि दारू सुटावी म्हणून मागे लागायचे. जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून कायद्याने आहे. ती अमलात यावी म्हणून २०१६ पासून मुक्तिपथ हा उपक्रम चालतो. झटका येऊन गेलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा घरी जाऊन चालवणारा, किती पावले झाली आणि कशी पडली याची नोंद ठेवणारा माणूस मात्र अजून या साखळीचा नियमित भाग झालेला नाही. कुष्ठरोगाच्या काळात असा माणूस होता: शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पाऊल उचलायला शिकवणारा तंत्रज्ञ. रोग ओसरला तशी बहुऔषधी उपचारांच्या १९८० नंतरच्या पर्वात त्याची गरज घटत गेली, आणि अर्धांगवायूचे रुग्ण मोजले जाऊ लागले तोपर्यंत ती पदे आणि ते कसब दोन्ही विरळ झाले होते.